पाठीवरची टाचणी: डिचोलीतल्या एका परसाचा प्रकरण अभ्यास

माणसांची नावं आणि वाड्याचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. बाकी जे झालं ते जसं झालं तसं मांडतोय, कारण घराच्या मागे चार झाडं आहेत आणि हातात मोबाईल आहे अशा कुणाच्याही बाबतीत हे होऊ शकतं. एक फोटो काढला, त्यावर एक नाव चिकटलं आणि त्या नावावर फवारणीचा पंप बोलावला गेला, एवढीच गोष्ट. पण पंप थांबवून मिळवलेल्या आठ दिवसांत आम्ही जे बघितलं ते मला फार मोलाचं वाटतं.

पार्श्वभूमी

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला एक वाडा. काकीचं घर रस्त्यापासून आत, मागे परस. परसात एक पेरू, दोन लिंबं, कढीपत्ता, अबोलीचे वाफे, तुळस, एक जुना आंबा आणि कडेला पाच काजू. त्यातले दोन कलमी, वेंगुर्ला-४, बाकीचे तीन गावठी, आजोबांच्या वेळचे. मग चिऱ्याचा गडगा आणि गडग्यापलीकडे शेजारच्या भाऊंचं भाट, तिथे मात्र काजूच काजू.

काकी बालवाडीत शिकवून निवृत्त झालेली. दिवाळीत तिच्या मुलीने तिला मोबाईलला लावायची छोटी मॅक्रो लेन्स दिली, ती चिमट्यासारखी अडकवायची असते ती, आणि तेव्हापासून काकीचं सकाळचं फूल काढणं अर्ध्या तासाचं दीड तासावर गेलं. मी पणजीला नोकरीला, शनिवार-रविवारी येतो, माझ्याकडे कॅमेरा आणि १०० एमएमची मॅक्रो लेन्स आहे. म्हणजे आठवड्याचे पाच दिवस बघणारी काकी आणि दोन दिवस मी.

आपल्याकडे वसंत म्हणजे काय ते परसातच कळतं. माघ संपता संपता थंडी कमी व्हायला लागते, पण सकाळी दंव असतंच, आंब्याला मोहर, काजूला फुलोरा, कढीपत्त्याला पोपटी पालवी, गिरिपुष्पाच्या काठ्यांना नुसती गुलाबी फुलं आणि त्यावर काळे भुंगे. किड्यांच्या दृष्टीने हा सगळा कोवळ्या खाण्याचा महिना. जून पानाला जे तोंड लावत नाहीत तेसुद्धा या दिवसांत शेंड्यावर दिसतात, आणि म्हणून त्यांना खाणारेही शेंड्यावरच येतात. हे दुसरं वाक्य पुढे कामाला येणार आहे.

जानेवारीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत काकीने पुष्कळ काही टिपलं होतं. तुळशीवर येणारी निळ्या पट्ट्यांची मधमाशी, कढीपत्त्यावर अंडी घालणारं कॉमन मॉरमॉन फुलपाखरू, काजूच्या फुलोऱ्यावर सातेरी मधमाश्या, आणि गावठी काजूंवरचे हुमले, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्या, पानं शिवून केलेल्या त्यांच्या घरट्यांसकट. नावं तिला सगळ्यांची माहीत नव्हती. पण कोण कुठल्या झाडावर, कुठल्या वेळी असतो हे तिला तोंडपाठ होतं.

अडचण कुठून सुरू झाली

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एका कलमी काजूचे शेंडे वाळायला लागले. आधी कोवळ्या देठावर पाणी भरल्यासारखे लांबट डाग, मग ते तपकिरी, मग काळे, एकदोन ठिकाणी डिंक आलेला, आणि चारसहा दिवसांत शेंडा मान टाकणार. त्यातल्याच एका शेंड्यावर काकीला एक किडा दिसला, लालसर काळा, पाय लांब, मिशा लांब, साधारण तांदळाच्या दाण्याएवढा. तिने वरून फोटो काढला आणि गावच्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला.

दहा मिनिटांत उत्तर. ढेकण्या. उद्याच फवारा.

ढेकण्या म्हणजे टी मॉस्किटो बग, हेलोपेल्टिस अँटोनाय. नावात मॉस्किटो असलं तरी डासाशी त्याचा संबंध नाही, ढेकणाच्या जातीतला, झाडाचा रस शोषणारा किडा. काजूचं पीक घालवणाऱ्यात याचं नाव पहिल्या दोनतीनात येतं, कारण रस शोषताना तो जी लाळ सोडतो तिने तिथली पेशी मरते, आणि फुलोऱ्याच्या दांड्यावर बसला तर पूर्ण फुलोरा करपतो. त्यामुळे ग्रुपवरच्या लोकांचं घाबरणं खोटं नव्हतं. भाऊंचं तर आदल्या वर्षी बरंच नुकसान झालेलं. ते त्याच संध्याकाळी गडग्यावर येऊन काकीला म्हणाले, “वहिनी, बुधवारी पंपवाला सांगितलाय, तुमच्याही काजूंवर एकदमच मारून घेऊ. एका बाजूला ठेवलं तर परत येतो तो.”

मला शुक्रवारी रात्री फोटो दाखवला. मी झूम करून बघितला आणि म्हटलं, हो, तसाच दिसतोय. हे मी इथे नीट लिहून ठेवतो कारण प्रकरणातला पहिला चुकीचा निर्णय हा माझा आहे. दिसतोय म्हणजे काय दिसतंय, हे मी स्वतःला विचारलंच नाही. डाग आहेत, लाल-काळा किडा आहे, ग्रुप म्हणतोय, झालं.

काकी मात्र जेवायला वाढता वाढता म्हणाली, “पण हा काल दुसऱ्या एका किड्याला धरून बसला होता रे. तोंड लावून. रस झाडाचा पितो म्हणता ना तुम्ही?”

तिने मोबाईलमध्ये तो फोटो शोधून दाखवला. हललेला, अर्धा फोकसबाहेर, पण कुणीतरी कुणालातरी धरलंय एवढं स्पष्ट. ढेकण्या दुसऱ्या किड्याला धरत नाही. म्हणजे एकतर किडा वेगळा, नाहीतर दोन वेगवेगळे किडे एकाच शेंड्यावर, आणि आम्ही दोघांना एक समजतोय.

समोर काय पर्याय होते

फवारणी हा सगळ्यात सोपा मार्ग. पंप येणारच होता, पैसेही निम्मे पडणार होते. पण काजू भर फुलोऱ्यात होता, सकाळी नऊ-दहाला त्या फुलांवर माश्यांची गुणगुण उभ्या उभ्या ऐकू यायची, आणि तिसऱ्या घरात एकाने सातेरीची पेटी ठेवलेली. शिवाय गावठी काजूंचे पहिले बोंडू, म्हणजे बी ज्याला लागते ते रसाळ फळ, पडायला लागलेले. ते मुलं उचलून तशीच खातात आणि उरलेले भट्टीवर जातात. त्या आठवड्यात झाडावर औषध मारायचं तर खाली पडणाऱ्या बोंडूंचं काय करायचं याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

भाऊंचं दुसरं म्हणणं हुमल्यांबद्दल होतं. गावठी काजूंवरची घरटी जाळून टाकावीत, बिया गोळा करणाऱ्यांना चावतात. चावतात हे खरंच, मलाही चावलेत, डोळ्यात पाणी येतं. पण हुमले म्हणजे झाडावरचे पहारेकरी. हुमले असलेल्या काजूवर ढेकण्या कमी बसतो हे काजू पिकवणाऱ्या बऱ्याच देशांत बघितलं गेलंय. त्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड यांच्या अंगातून गोड रस मिळतो म्हणून हुमले त्यांना सांभाळतात, म्हणजे एक शत्रू घालवतात आणि दुसऱ्याला आसरा देतात.

काहीच न करणं हाही पर्याय होता आणि माझा कल सुरुवातीला तिकडेच होता, निसर्ग आपोआप सांभाळेल वगैरे. काकीने तो लगेच खोडला. शेंडे वाळताहेत हे डोळ्यांना दिसतंय, मग हात बांधून बसायचं कसं.

राहिला चौथा. आठ दिवस थांबायचं, रोज तेच शेंडे बघायचे, फोटो काढायचे, मोजायचं आणि मग ठरवायचं. यात धोका हा की ढेकण्या खराच असेल तर कोवळ्या फुलोऱ्यात आठ दिवस पुष्कळ होतात. काकीने भाऊंना गडग्यावर बोलावून सांगितलं, “भाऊ, आठ दिवस थांबा. नाही पटलं तर मी स्वतः पंपवाल्याला चहा देते.” भाऊ थोडे नाराज झाले, पण आपल्या भाटाची गडग्याला लागून असलेली एक ओळ सोडून बाकीची फवारून घेऊ यावर तयार झाले. ही तडजोड नसती तर पुढचं काही घडलंच नसतं, म्हणून मला ती फार महत्त्वाची वाटते. त्यांनी आपला धोका अर्ध्यावर आणला आणि आम्हाला वेळ दिला.

काय केलं

वीस शेंडे निवडले. बारा कलमी काजूंवर, चार हुमले असलेल्या गावठीवर, चार पेरूवर. पेरूवर का, तर ढेकण्या पेरूवरही येतो. खुणेला मी लाल प्लास्टिकच्या रिबिनी बांधल्या आणि सोमवारपर्यंत माकडांनी त्यातल्या तीन काढून टाकल्या, एक तर छपरावर सापडली. मग काकीने केळीच्या सोपटाचे दोर काढले, अबोलीचे वळेसर ज्याने करते तेच, आणि ते बांधले. त्यांना माकडांनी हात लावला नाही.

वेळ ठरवली पावणेसात ते आठ. ढेकण्या सकाळी आणि संध्याकाळी जास्त खातो, दुपारी पानांच्या आत सावलीत सरकतो, म्हणून दुपारी जाऊन काही दिसलं नाही म्हणजे काही नाही असं समजायचं नाही. दुसरं, गारव्यात किडे मंद असतात, त्यांचं अंग तापलेलं नसतं, त्यामुळे जवळ जाता येतं. आणि तिसरं म्हणजे वारा. आमच्याकडे साडेदहा-अकराला समुद्राकडून वारा सुटला की शेंडा असा हलतो की मॅक्रोमध्ये किडा फ्रेममध्येच राहत नाही.

प्रत्येक शेंड्याचे चार फोटो. पहिला लांबून, कुठलं झाड, कुठली फांदी ते कळेल असा. दुसरा डागांचा. तिसरा किड्याचा वरून. चौथा किड्याच्या उंचीला मोबाईल खाली नेऊन बाजूने. या चौथ्या फोटोने सगळं बदललं, म्हणून तो कसा काढायचा ते जरा सविस्तर सांगतो.

अडकवायच्या लेन्सला किड्यापासून दोनतीन सेंटिमीटरवर जावं लागतं, इतक्या जवळ मोबाईलचीच सावली पडते आणि किड्याला धोका वाटून तो पानाखाली जातो. म्हणून समोरून न जाता खालून हळूहळू वर यायचं, सूर्य आपल्या बाजूला ठेवायचा. फोकस एकदा लॉक करायचा आणि मग मोबाईल नाही तर आपलं अंग मिलिमीटरभर पुढेमागे करायचं, दहाबारा फोटो सलग काढायचे, त्यातला एखादा लागतो. शेंडा हलत असेल तर बाजूला बांबूची काठी रोवून कपड्याच्या चिमट्याने फांदी तिला अडकवायची, चिमटा शेंड्याला नाही तर वीतभर खाली जून भागाला. फ्लॅश लावायचाच असला तर समोर ट्रेसिंग पेपर धरायचा, नाहीतर चकचकीत पाठीवर पांढरा ठिपका पडतो आणि नेमकं जे बघायचं तेच जातं.

आणि बघायचं होतं ते काय, तर टाचणी. ढेकण्याच्या पाठीवर, छातीच्या मागच्या भागातून, एक बारीक काटा सरळ वर उभा असतो आणि त्याच्या टोकाला गाठ असते, अगदी कुणीतरी डोक्याची टाचणी टोचून ठेवावी तशी. वरून फोटो काढला तर टाचणी आपल्याकडे टोक करून असते, म्हणजे ती काळ्या पाठीवरचा एक ठिपका होते, दिसतच नाही. बाजूने बघितलं की आकाशाच्या पांढऱ्यावर स्वच्छ उभी. ग्रुपवर गेलेला फोटो वरून काढलेला होता, त्यामुळे तो फोटो कितीही झूम केला असता तरी हो किंवा नाही असं उत्तर त्यात नव्हतंच. अगदी नुकत्या बाहेर पडलेल्या पिल्लावर टाचणी दिसत नाही, म्हणून टाचणी नाही एवढ्यावरही सोडायचं नाही, सोंड बघायची.

रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, सातव्या शेंड्यावर, काकीचा तो किडा बसलेला. मी गुडघ्यावर बसून बाजूने बघितलं. पाठ सपाट. टाचणी नाही. डोक्याखाली सोंड होती, पण ती लांब सरळ सुईसारखी नाही, आखूड आणि बाकदार, बोट वाकवून आत घ्यावं तशी. पुढचे पाय जरा उचललेले. थोड्या वेळाने एक तुडतुडा देठावर आला आणि या साहेबांनी पाऊल पाऊल टाकत, मधेच थांबत, त्याच्या बाजूने जाऊन त्याला धरला आणि ती बाकदार सोंड त्याच्यात खुपसली. तो होता मारेकरी ढेकणाचं पिल्लू, असॅसिन बग म्हणतात त्यातला. कोवळ्या शेंड्यावर तो आला होता तो शेंडा खायला नाही, शेंडा खाणाऱ्यांना खायला. आणि आम्ही बुधवारी त्यालाच मारणार होतो.

पण खरी गोष्ट इथे संपत नाही, आणि संपली असती तर मला आनंद झाला असता. मंगळवारी काकीने पेरूवरून फोटो पाठवला, बाजूने काढलेला, चांगला फोकस. काळं डोकं, लाल छाती, पोट काळं-पांढरं, अंगापेक्षा लांब मिशा आणि पाठीवर टाचणी. ढेकण्या होता. म्हणजे ग्रुपवाले किड्याबद्दल चुकले होते पण रोगाबद्दल बरोबर होते. त्या पेरूच्या फळांवर गेली कित्येक वर्षं खरजेसारखे बुचासारखे खडबडीत डाग यायचे, आम्ही म्हणायचो जातच तशी आहे. ते याचंच काम.

बुधवारी तिने आणखी एक पाठवला. पेरूच्या कोवळ्या देठाचा, खूप जवळून. देठाच्या सालीतून दोन केस बाहेर आलेले, एक लांब एक आखूड, पांढरे. ढेकण्या अंडं देठाच्या आत रोवतो आणि त्या अंड्याचे हे दोन तंतू तेवढे बाहेर राहतात. मी वाचलेलं होतं, पण कधी बघितलं नव्हतं, आणि पासष्टीच्या काकीने अडकवायच्या लेन्सने ते टिपलेलं बघून मी ऑफिसात उभाच राहिलो.

याच आठवड्यात एका ओळखीच्या फोटोग्राफरने सुचवलं की किडा डबीत घालून पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, सुस्त होतो, पाहिजे तसा फोटो मिळतो. नको म्हटलं. आम्हाला तो कुठल्या देठावर काय करतोय हेच बघायचं होतं, थंड करून पांढऱ्या कागदावर ठेवलेल्या किड्याने आमचा प्रश्न सुटणार नव्हता. आणि त्याला तसं करायची मला इच्छाही नव्हती.

ठरवायचा दिवस

आठव्या दिवशी संध्याकाळी काकीच्या ओसरीवर भाऊ, काकी आणि मी. वहीत असं होतं. कलमीच्या बारा शेंड्यांपैकी पाचांवर ताजे डाग, पण टाचणीवाला ढेकण्या प्रत्यक्ष दोनांवरच दिसलेला. मारेकरी ढेकणाची पिल्लं पाच शेंड्यांवर. पेरूच्या चारही शेंड्यांवर डाग आणि एकावर अंडी. हुमलेवाल्या गावठीच्या चार शेंड्यांवर एकही ताजा डाग नाही.

मधे एक दिवस काकी दोन शेंडे पिशवीत घालून झोनल कृषी ऑफिसात जाऊन आली होती. तिथल्या साहेबांनी बाजूचा फोटो बघून लगेच ओळखलं, आणि फवारावंच लागलं तर फुलोऱ्यात टाळा, अगदीच भाग पडलं तर माश्या परतल्यावर संध्याकाळी, असं सांगितलं.

ठरलं ते असं. डाग असलेले पाच शेंडे आणि पेरूचे कोवळे शेंडे वीतभर खालून कापायचे आणि साबणाच्या पाण्यात बुडवायचे, अंडी आतच असतात म्हणून खाली टाकून चालत नाही. रोज सकाळी दिसेल तो ढेकण्या हाताने धरायचा. फवारणी नाही. हुमल्यांची घरटी तशीच ठेवायची, उलट गावठीवरून दोन्ही कलमींना काथ्याचा दोर बांधायचा, हुमले पलीकडे जावेत म्हणून. भाऊंनी विचारलं की उद्या बायका बोंडू गोळा करायला आल्या तर? काकी म्हणाली, झाड हलवायचं नाही, पडलेले उचलायचे आणि हातापायाला राख लावायची.

मधे झालेली एक चूक

हे काजूशी थेट जोडलेलं नाही पण याच दिवसांतलं आहे आणि मला ते अजून टोचतं.

कढीपत्त्यावरच्या कॉमन मॉरमॉनच्या एका अळीचा मी अंड्यापासून पाठपुरावा करत होतो. पहिल्या चार अवस्थांत ती पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, तपकिरी-पांढरी, ओलसर, कुणाला खावीशी वाटू नये अशी. मग कात टाकून पाचव्या अवस्थेत एकदम हिरवी. हात लावला की डोक्यामागून लाल दुहेरी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास येतो. मार्चच्या पहिल्या रविवारी ती देठाला शेपटाने चिकटून, कमरेला रेशमाचा एक धागा बांधून कोष झाली. हिरवा कोष, पानांत इतका मिसळलेला की काकीला बोट दाखवूनही दोनदा दिसला नाही.

मला मागे स्वच्छ पार्श्वभूमी हवी होती. मी समोरची आणि मागची मिळून चार पाने खुडली. फोटो सुंदर आला, त्या धाग्याचा पीळसुद्धा दिसतो.

मंगळवारी काकीने कळवलं की कोष नाही. देठावर रेशमाची गादी होती आणि तुटलेला धागा लोंबत होता. बुलबुल रोज येतात तिथे, सरडाही आहे. मी पाने खुडली म्हणूनच गेला असं सिद्ध करता येणार नाही. पण त्याचं एकमेव संरक्षण न दिसणं हे होतं, आणि ते मी हाताने काढून घेतलं होतं. काजूवर औषध मारू नका म्हणून भांडणारा मीच, आणि एका फोटोसाठी हे केलं.

त्यानंतर परसात पाने खुडणं बंद. पान आड येत असेल तर चिमट्याने बाजूला धरायचं आणि निघताना होतं तिथे सोडायचं. एका किड्याजवळ फार तर पाचेक मिनिटं. फोटो नाही मिळाला तर नाही मिळाला.

शेवटी काय झालं

शिगम्याचे ढोल वाजेपर्यंत कलमींवर नवे डाग दिसणं बरंच कमी झालं. खूण केलेल्या बारा शेंड्यांतले पाच आम्हीच कापले, एक नंतर वाळला, सहांना बिया धरल्या. दोरावरून तिसऱ्या दिवशी हुमले चालू लागले, पण एकाच झाडावर. दुसऱ्या कलमीच्या बुंध्यात काळ्या मुंग्यांचं वारूळ होतं, तिथे हुमले अर्ध्या दोरापर्यंत यायचे आणि परत फिरायचे, काकी ते रोज बघायची. आणि मे महिन्यात हुमल्यांच्या झाडावर दोन घोसांना पिठ्या ढेकूण लागला, जी भीती होती ती खरी झाली, फक्त थोडक्यात आटपली.

भाऊंच्या फवारलेल्या भागात पीक चांगलं आलं. हे लिहायलाच हवं. गडग्यालगतची जी ओळ त्यांनी सोडली होती तिथे काही झाडं छान, दोन झाडांचे फुलोरे करपले. झाडागणिक बिया आम्ही वजन करून ठेवल्या नाहीत, त्यामुळे कुणाची पद्धत किती रुपयांनी बरी असं मला सांगता येत नाही. सातेरीची पेटी मात्र टिकली आणि त्या मोसमात काकीच्या परसातल्या बोंडूंचा रस नातवंडं निर्धास्त प्याली.

फोटो आम्ही आयनॅचरलिस्टवर, म्हणजे जीवांच्या नोंदी टाकून ओळख पटवून घ्यायच्या वेबसाइटवर, टाकले, घराचं ठिकाण पुसट करून. ढेकण्याची ओळख पटकन पक्की झाली. मारेकरी ढेकणाच्या पिल्लाला मात्र कुणी जातीपर्यंत नेऊ शकलं नाही, कुळाशी थांबलं, पिल्लावरून जात सांगणं अवघडच असतं. काकीला त्याचं वाईट वाटलं नाही. तिला त्यापेक्षा दुसऱ्याच एकाचं कौतुक होतं. हुमल्यांच्या रांगेच्या कडेने एक हुमला जरा वेगळा चालत होता, थांबत, मागे सरत. तिने बाजूने फोटो काढून पाय मोजले तर आठ. कोळी होता, हुमल्याचं सोंग घेतलेला उडी मारणारा कोळी, पुढचे दोन पाय मिशांसारखे हवेत धरून चालणारा. ती दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला ते पाय मोजायला लावत होती.

परत करायचं झालं तर

सगळ्यात आधी सुरुवात लवकर. ढेकण्या फेब्रुवारीत उगवत नाही, पावसाळा संपल्यावर काजूला नवी पालवी फुटते तेव्हापासून येत असतो. आम्ही फुलोरा आल्यावर जागे झालो. पेरू हाताशी होता, त्याची फळं वर्षानुवर्षं सांगत होती, तिथे नोव्हेंबरातच बघायला हवं होतं.

शेंडे निवडताना मी हाताला येतील ते निवडले. वरच्या फांद्यांवर काय चाललंय हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि वहीतले आकडे म्हणजे त्या झाडाचा खालचा अर्धा भाग. यंदा शिडी लावून आठवड्यातून एकदा वरचे चार शेंडे तरी बघणार. शिवाय हुमलेवाली झाडं गावठी आणि बिनहुमल्यांची कलमी, म्हणजे डाग नाहीत ते हुमल्यांमुळे की गावठी झाड म्हणून, हा प्रश्न तसाच आहे. भाऊंकडे एका कलमीवर हुमले आहेत. तिथले शेंडे मोजले असते तर थोडं तरी कळलं असतं, पण ते मला एप्रिलमध्ये सुचलं.

भाऊंना आम्ही आठव्या दिवशी वही दाखवली. पहिल्या दिवशीच सकाळी सोबत घ्यायला हवं होतं. त्यांनी आयुष्यभर काजू बघितलाय, डाग ताजा की जुना हे त्यांना बोट लावून कळतं, आम्ही त्यात दोन दिवस घालवले. टाचणी बघायला मी त्यांना नंतर गुडघ्यावर बसवलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “इतकी वर्षं मारतोय, तोंड कधी बघितलं नव्हतं याचं.”

संध्याकाळची फेरी आम्ही केलीच नाही. फोटोत मापासाठी काही ठेवलं नाही, त्यामुळे पिल्लू कितव्या अवस्थेतलं हे आता सांगता येत नाही. यंदा काकीने शिवणकामाच्या टेपचा तुकडा कापून काठीला चिकटवलाय, तो शेंड्याच्या मागे धरते. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी तिने पेरूला आठ दोर बांधले, भाऊंच्या हुमलेवाल्या कलमीला चार. तिसऱ्याच दिवशी सकाळी साडेसातला मला फोटो आला, देठाचा, बाजूने काढलेला, मागे टेपच्या रेघा. किडा नव्हता. एक लांबट डाग होता, अजून पाणी भरल्यासारखा, काळा न पडलेला.